आधी विचारा तरी, आई

आई, आपलं भांडण अर्धवट राहिलं. पाच-साडेपाच वर्षं आपण ते पुरवून पुरवून भांडलो. स्कूटरवर, ओट्यापाशी, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे, तुमच्या तोंडात कापसाचा बोळा असताना. तेव्हाही तुम्ही हातवारे करून मुद्दा मांडत होतात आणि डॉक्टर बिचारे एकदा तुमच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. आणि आता कुठे माझं म्हणणं तुम्हाला थोडं थोडं पटायला लागलंय असं वाटत होतं, तर तुम्ही निघून गेलात. फाइल निकाली काढल्याशिवाय टेबल सोडायचं नाही, हे वाक्य कुणाचं? तुमचंच ना?

भांडणाचा विषय एका ओळीत मावणारा. रस्त्यावरच्या माणसाचा फोटो काढायच्या आधी त्याला विचारायचं की नाही? मी म्हणायचे, "आई, आधी विचारा तरी." तुम्ही म्हणायचात, "विचारलं की संपलं."

परवा तुमचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भन्तेजी आले, वंदना झाली, खीर झाली. तुमच्या ऑफिसातल्या बायका आल्या आणि तुमच्या आठवणी सांगता सांगता साहेब लोकांच्या नकला करून गेल्या. आज घर पहिल्यांदा शांत आहे, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला सांगायचं असं बरंच साठलंय.

खरं सांगू का? लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिली तीन-चार वर्षं आपण एकमेकींशी फार नीट वागलो. इतकं नीट, की आपल्यापैकी कोणीतरी एक जण पाहुणी आहे असं वाटायचं. तुम्ही मला 'चहा घेणार का?' विचारायचात आणि मी 'तुम्ही घेणार असाल तर' म्हणायचे. मग तुम्ही निवृत्त झालात. सत्कार झाला, शाल आली, नारळ आला, भिंतीवरचं घड्याळ आलं. आणि पुढच्याच आठवड्यात तुम्ही कॅमेरा घेऊन आलात. तुमचा मुलगा खूश झाला. "आईला छंद हवाच होता. पाषाणच्या तळ्यावर पक्षी छान येतात," अमित म्हणाला.

"पक्ष्यांचं त्यांचं त्यांचं बरं चाललंय," तुम्ही म्हणालात. "मला माणसं बघायची आहेत."

तेव्हा मला ते नुसतं चमत्कारिक वाटलं. त्याचं कारण तुम्ही पुढे कधीतरी, मंडईजवळ चहा पिताना सांगितलंत. "अगं, तेहतीस वर्षं मी ऑफिसच्या खिडकीच्या आत बसले. खिडकीतनं माणूस इथपासून इथपर्यंत दिसतो." तुम्ही छातीपासून कपाळापर्यंत हात नेलात. "आणि खिडकीसमोर आलेला माणूस कधी खरा नसतो. एक तर गरीब गाय होऊन येतो, नाही तर भांडायच्या तयारीनं येतो. तोच माणूस बाहेर गेल्यावर हसतो कसा, चप्पल कशी शोधतो, बायकोशी काय बोलतो, मला काय माहीत? म्हणून विचारायचं नाही. विचारलं, की तो परत खिडकीसमोर उभा राहतो."

"हे सगळं खरं," मी म्हणाले, "पण चेहरा त्याचा आहे."

"मी बघते फक्त. नेत नाही."

"नेता. कार्डात घालून घरी नेता."

"चहा गार होतोय," तुम्ही म्हणालात. मुद्दा सुचला नाही की तुमचा चहा गार व्हायचा.

दर रविवारी सकाळी सात वाजता आपण निघायचो. मी शाळेत विज्ञान शिकवते, रविवारी तरी उशिरा उठावं अशी माझी साधी इच्छा होती. पण तुम्हाला स्कूटर येत नव्हती आणि बसमधून म्हणे सगळं मागे पळतं. मग मी चालवायची आणि तुम्ही मागे बसायचात, गळ्यात कॅमेरा, डोक्यावर माझं जुनं हेल्मेट. आपली खुणेची भाषा ठरली होती. खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. तीन थापा म्हणजे 'थांब म्हटलं ना, पुढे का आलीस, आता वळव'. हडपसरपासून स्वारगेटपर्यंत माझा डावा खांदा दुखून यायचा.

काय काय काढलंत तुम्ही! सिग्नलला उभा असलेला नवरा मागे वळून बायकोच्या हेल्मेटचा पट्टा लावतोय, आणि ती त्याच वेळी फोनवर आईला सांगतेय की यांचं माझ्याकडे लक्षच नसतं. कोथिंबिरीच्या जुडीचा वास घेऊन ती परत ठेवणारे आजोबा, आणि त्यांच्याकडे बघणारी भाजीवाली. मोठ्या दुकानाच्या काचेत बघून भांग पाडणारा रखवालदार. पेठेत एका दारावरची पुणेरी पाटी वाचत उभे असलेले तिघे जण, तिघांच्या चेहऱ्यावर अपमान झाल्याचा एकसारखा आनंद. निम्मे फोटो तिरके, कारण मी खड्डा चुकवत असायचे. आणि बहुतेक फोटोंच्या कोपऱ्यात माझ्या लाल हेल्मेटचा तुकडा. फोटोग्राफीच्या एका वर्गाला तुम्ही दोन रविवार गेला होतात. तिथल्या सरांनी विचारलं, "मॅडम, हे लाल काय आहे?" तुम्ही म्हणालात, "सून." तिसऱ्या रविवारी तुम्ही वर्ग सोडलात. सर चांगले होते म्हणालात, पण त्यांना माणसापेक्षा चौकट जास्त आवडते.

स्वारगेटच्या चौकातला तो हवालदार आठवतो? तुम्ही दोन थापा मारल्यात आणि मी येड्यासारखी भर चौकात गाडी थांबवली. तो शिट्टी वाजवत आला. "मॅडम, गाडी इथे का थांबवली?" मी लायसन्स शोधायला लागले. तुम्ही मागून शांतपणे म्हणालात, "तुम्ही तोंडात शिट्टी ठेवून शेंगदाणे कसे खाता, ते बघत होते. जमलं कसं हो तुम्हाला?" तो आधी रागावला, मग लाजला, मग म्हणाला, "सवयीनं जमतं काकू. दाखवा फोटो." पुढच्या रविवारी तुम्ही त्याला फोटोची प्रत नेऊन दिलीत. परत त्याच चौकात थांबून. तेव्हा तो म्हणाला, "आता मात्र गाडी काढा."

या सगळ्यात आपला नीटपणा कधी संपला ते कळलंच नाही. रस्त्यावर ओरडून ओरडून आपण घरातही ओरडायला लागलो. एकदा अमित घाबरून खोलीतून बाहेर आला, तर आपण दोघी हसत होतो. सासू-सुनेचं जमलं असं लोक म्हणतात तेव्हा दोघी गोड बोलतात असं त्यांना वाटतं. आपलं जमलं ते भांडायची भीड चेपली म्हणून.

आणि मग ती सोमवारची गोष्ट झाली.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर सोमवारी सकाळी तुम्ही एक फोटो टाकायचात, खाली चार शब्द. लोक वाट बघायचे. पाणी येणार नाही आणि लिफ्ट बंद आहे यांच्यामध्ये तेवढाच एक हसरा मेसेज. त्याच्या आदल्या आठवड्यात तुम्ही बुधवारी एकट्याच बसने स्वारगेटच्या एसटी स्टँडवर गेला होतात. तिथे फलाटाच्या टोकाच्या बाकड्यावर एक माणूस बसला होता. इस्त्रीचा शर्ट, शेजारी लॅपटॉपची बॅग आणि डब्याची कापडी पिशवी, मांडीवर उघडलेला डबा. समोर एक कुत्रं बसलेलं. तो पोळीचा तुकडा बोटात धरून त्या कुत्र्याला काहीतरी समजावून सांगत होता आणि कुत्रं कान टवकारून ऐकत होतं. माणसाची मान वळलेली, चेहरा अर्धाच दिसत होता. फोटो सुरेख होता, आई. तिरका नव्हता, त्यात मी नव्हते. तुम्ही खाली लिहिलंत, 'साहेबांची अकराची मीटिंग.'

मी शाळेत शिक्षकांच्या खोलीत तो फोटो बघितला आणि मोठ्याने हसले. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. मीसुद्धा हसले होते.

आधी हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मग कोणीतरी लिहिलं, 'हे आपले सी विंगचे महेश नाहीत का?' त्यानंतर ग्रुपवर कोणी काही लिहिलं नाही. आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर शांतता पसरली की समजायचं, सगळे एकमेकांना फोन करतायत.

तो महेशच होता. गेटपाशी रोज तुम्हाला 'नमस्कार काकू' म्हणणारा. त्याची आयटीतली नोकरी चार महिन्यांपूर्वी गेली होती आणि त्याने घरी सांगितलं नव्हतं. रोज साडेआठला तयार होऊन, डबा घेऊन तो निघायचा आणि संध्याकाळी परत यायचा. त्याच्या बायकोने, मेधाने, फोटोत त्याला ओळखायच्या आधी डब्याची पिशवी ओळखली. ती तिने स्वतः शिवलेली होती, आपल्या जुन्या ड्रेसच्या कापडाची.

मी घरी आले तेव्हा तुम्ही गॅलरीत बसला होतात. ग्रुपवरून फोटो काढून टाकला होता, पण आता त्याचा काय उपयोग? मी तुमच्यासमोर उभी राहून बोलले. बरंच बोलले. त्यातलं एक वाक्य मला अजून झोपू देत नाही. मी म्हणाले, "तुमची खिडकी सुटलेलीच नाही, आई. आता ती गळ्यात अडकवून फिरता, एवढंच."

चहा गार होतोय, असं तुम्ही म्हणाला नाहीत. उठून आत गेलात आणि कॅमेरा कपाटात साड्यांच्या मागे ठेवलात.

तिसऱ्या दिवशी तुम्ही ऑफिसची निळी साडी नेसलात. मी विचारलं, "कुठे?" तुम्ही म्हणालात, "सी विंग." मी न बोलावता मागोमाग आले.

मेधाने दार उघडलं. या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

"महेश आहेत?" तुम्ही विचारलंत.

"आहेत. आता घरीच असतात."

तो बाहेर आला. दाढी वाढलेली, अंगात टी-शर्ट. मी त्याला त्याआधी कधी बिनइस्त्रीच्या कपड्यात बघितलं नव्हतं. तुम्ही उंबऱ्याबाहेर उभ्या राहूनच बोललात. "मी तुमचा फोटो काढला, विचारलं नाही. वर त्याच्याखाली लिहिलं, तेही लोक हसतील असं. दोन्ही चुकलं. माफी मागायला आले."

मी 'पण' कधी येतो याची वाट बघत होते. तो आला नाही.

महेश म्हणाला, "काकू, चुकून झालं असं म्हणा ना. म्हणजे मला असू दे म्हणता येईल."

"चुकून नाही झालं. नेम धरून काढला. तो तुम्ही आहात हे माहीत नव्हतं, एवढंच. दुसरा कोणी असता तर मी आज त्याच्या दारात गेले नसते. ते जास्त वाईट आहे."

महेशच्या आधी मेधा बोलली. "मला फोटोचं काही नाही, काकू. चार महिने मी रोज डबा भरला. रोज संध्याकाळी विचारलं, आज भाजी कशी झाली होती. माझी पोळी त्या कुत्र्याला आवडते हे मला ग्रुपवर कळलं."

आई, आणि तुम्ही हसलात. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तुम्ही तोंडावर पदर धरलात, पण उशीर झाला होता. मग महेशच्या नाकातून हसू फुटलं. मग मेधा हसली आणि हसता हसता रडायला लागली. महेश तिला आत घेऊन गेला आणि जाताना त्याने दार हळूच लोटलं, आपटलं नाही. आपण जिना उतरलो. खाली आल्यावर तुम्ही म्हणालात, "पोळी चांगलीच असणार गं. कुत्रं फार मन लावून बघत होतं."

मला वाटलं, आता तुम्ही सोडून द्याल. तर पुढच्या रविवारी तुम्ही सातला तयार. म्हणालात, "तुझं ऐकून बघते." आणि तो महिनाभर तुम्ही प्रत्येकाला विचारलंत. अहो दादा, फोटो काढू का? काय ते फोटो! फुलवालीने आधी केस विंचरले, मग टोपलीतला चांगला गजरा माळला, मग म्हणाली आता काढा. चपला शिवणाऱ्या काकांनी हातातलं काम बाजूला ठेवलं, पलीकडून भावाला बोलावलं आणि दोघे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून असे उभे राहिले, की मागे नुसता पडदा लावायचा बाकी होता. सगळे पासपोर्टला निघालेले. तुम्ही ते सगळे फोटो छापून ज्याचे त्याला नेऊन दिलेत आणि सगळे खूश झाले. घरी येऊन तुम्ही मला म्हणालात, "बघितलंस? खिडकीसमोरची माणसं."

"पण खूश आहेत ना?"

"ते खूश आहेत. मी कुठे आहे?"

आणि साधारण त्याच सुमारास तुम्ही महेशला गाठलंत. तो साडेआठला गेटपाशी उभा होता. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, पण पायांना सवय झाली होती आणि घरात बसवत नव्हतं. तुम्ही बसस्टॉपकडे चालला होतात. हे मला नंतर त्यानेच सांगितलं. तुम्ही थांबलात आणि म्हणालात, "मी स्वारगेटला चाललेय. येता?"

त्याला वाटलं टोमणा आहे. आपल्या गावात तसं वाटणं साहजिक आहे. तुम्ही म्हणालात, "खरंच विचारतेय. तुम्ही चार महिने तिथे बसलात. मी तासाभरात काय बघणार? तुम्हाला जास्त माहीत असणार."

आणि त्याला माहीत होतं! आई, त्या दिवशी तुम्ही घरी आलात तेव्हा चप्पल काढायच्या आधी बोलायला लागलात. एक बाई रोज साडेअकराला येते, सांगलीची गाडी लागली की खिडकीपाशी जाऊन ड्रायव्हरला डबा देते, आणि परत जाते. तो तिचा नवरा आहे आणि त्यांची भेट तेवढीच होते. हिशोबाला पक्का पेरूवाला पाऊस असला की पेरू जास्त पिकलाय म्हणून एक फुकट देतो. बाहेरगावाहून आलेली माणसं गाडीतून उतरल्यावर आधी आभाळाकडे बघतात, पुण्याची नुसती रिक्षांकडे. "सगळं महेशने दाखवलं," तुम्ही म्हणालात. "कॅमेरा नाही, काही नाही, नुसतं बसून बघितलंय पोरानं."

मग तुम्ही दोघे आठवड्यातून दोनदा तरी जायला लागलात. तो नोकरीचे अर्ज तिथेच बाकड्यावर बसून भरायचा, तुम्ही शेजारी बसायचात. मेधा दोन डबे द्यायला लागली, आणि कुत्र्यासाठी वेगळी पोळी. सात-आठ महिन्यांनी त्याला वाघोलीला नोकरी मिळाली, एका कॉलेजात, कॉम्प्युटरच्या विभागात. पहिल्यापेक्षा लहान जागा. पहिल्या दिवशी साडेआठला निघताना तो आपल्याकडे येऊन तुमच्या पाया पडला. तुम्ही त्याला वाकू दिलं नाहीत. "जयभीम म्हणा आणि निघा. बस चुकेल," म्हणालात.

एवढं सगळं झाल्यावर तुम्ही हरलात असं मला वाटलं होतं. रविवारी सिग्नलला मी तसं म्हणालेही. तुम्ही मागून म्हणालात, "तुझं बरोबर आहे. पण फोटोही बरोबर आहे." हे काय उत्तर झालं? शेवटी तुम्ही मधला मार्ग काढलात. फोटो आधी काढायचा, मग लगेच त्या माणसाला दाखवायचा, नको म्हणाला तर त्याच्यासमोर पुसायचा. लक्ष्मी रोडवरच्या एका आजोबांनी तुम्हाला लागोपाठ चार फोटो पुसायला लावले आणि पाचवा बघून म्हणाले, "हा राहू दे. ह्यात मी आमच्या वडिलांसारखा दिसतोय." तरी हे विचारणं नव्हेच, असं माझं म्हणणं होतं, आणि आहे. शेवटच्या रविवारपर्यंत आपण त्याच्यावर भांडलो.

दवाखान्यात तुम्ही तीन दिवस होतात. तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला बरं वाटत होतं. समोरच्या कॉटवरच्या आजोबांकडे तुम्ही डोळ्यांनी खूण केलीत. "चादर बघ कशी घेतलीय. लग्नात उपरणं घेतल्यासारखी. फोन दे जरा." मी म्हणाले, "त्यांना विचारू का?" तुम्ही माझ्याकडे असं काही बघितलंत, की मी फोन देऊन टाकला. पण हातात जोर नव्हता. फोटोत फक्त छत आलं. तो मी ठेवलाय.

त्या वाक्याची माफी मात्र मागायची राहिली. खिडकी गळ्यात अडकवून फिरण्याच्या वाक्याची. तुम्ही ते मनात ठेवलं नसणार, मला माहीत आहे. तरी ते म्हणायला हवं होतं, आणि इतक्या रविवारी माझी पाठ तुमच्याकडे होती, पाठ फिरवून बोलायला तर सोपं गेलं असतं.

आता परवाची गोष्ट. ती सांगायलाच मुख्य बसले.

कार्यक्रम संपला, पाहुणे गेले. महेश आणि मेधा भांडी आवरायला थांबले होते. अमित तुमच्या फोटोसमोर खुर्ची टाकून बसला होता, दिवसभर कोणाशी धड बोलला नव्हता. महेश त्याच्या शेजारी जाऊन बसला. म्हणाला, "काकूंनी मला एक सांगितलं होतं. कोणाला सांगू नका असं नव्हत्या म्हणाल्या, पण मी सांगितलं नाही. आता तुम्हाला माहीत असावं असं वाटतं."

तुमच्या दोघांच्या पहिल्या स्वारगेटच्या फेरीत तो तुम्हाला म्हणाला होता, "काकू, रोज आवरून निघायचं आणि कुठेच जायचं नाही, हे काय असतं ते तुम्हाला नाही कळणार." तुम्ही म्हणालात, "कळतं." आणि सांगितलंत. अमितचे बाबा गेले तेव्हा अमित पाचवीत होता. रजा संपून तुम्ही कामावर हजर झालात, दोन दिवस बसलात, आणि तिसऱ्या दिवशी ऑफिसच्या दारातून मागे फिरलात. घरात सासूबाई होत्या, मुलगा होता, त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं. मग अकरा दिवस तुम्ही रोज वेळेवर डबा घेऊन निघालात आणि सारसबागेत बसलात. संध्याकाळी वेळेवर घरी. कोणाला म्हणून कळलं नाही.

अमितने खुर्ची महेशकडे वळवली. मग म्हणाला, "तेव्हा मी रोज विचारायचो, आई, आज ऑफिसात काय झालं? आणि ती इतकं छान काय काय सांगायची. कोट घातलेल्या माणसाने भेळ खाल्ली आणि कागद चाटून खिशात ठेवला. दोन आज्या एका कुल्फीवरून भांडल्या. मी पोट धरून हसायचो." शेवटी म्हणाला, "ऑफिसात बदकं कुठून आली, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं."

आई, तुम्ही तिथे बसून संध्याकाळसाठी गमती गोळा करत होतात. रडायला गेला होतात आणि मुलाला सांगायला काहीतरी हवं म्हणून माणसं बघत बसलात. आम्हाला वाटायचं, तुम्ही बघायला शिकलात ते कॅमेरा घेतल्यावर.

काल सकाळी अमित म्हणाला, "चल." आम्ही सारसबागेत गेलो. तुमचं बाकडं कुठलं होतं ते महेशला माहीत नव्हतं, म्हणून सापडलं त्या बाकड्यावर बसलो. समोर हिरवळीवर हास्यक्लब चालू होता. वीसेक आजी-आजोबा गोल करून उभे, हात वर करून हा हा हा, मग हात खाली, मग हो हो हो. अमित त्यांच्याकडे बघत होता आणि बघता बघता रडायला लागला. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. खांदे हलवून, आवाज करून. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. लोक हसत होते, त्यामुळे कोणाचं लक्ष नव्हतं.

एकीचं होतं. पांढरे बूट घातलेल्या एक आजी गोलातून बाहेर आल्या, आमच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून. त्यांनी काय झालं विचारलं नाही. म्हणाल्या, "अहो, नुसते बसलात काय? हात वर करा."

अमितने डोळे पुसले. मग दोन्ही हात वर केले.